खिळ्यावरचं घड्याळ

उल्यानं किरणं मोजायचं मीटर आधी सुक्या माशाला लावलं, मग लोणच्याच्या बरणीला, मग झोपलेल्या मांजराला. तिन्ही ठिकाणी टिकटिक सारखीच, आळसावलेली.

“मांजराला काय झालंय?” खिडकीत चहा पीत बसलेल्या आजोबांनी विचारलं.

“काही झालं नाहीये, म्हणून तर लावतेय. घरात एरवी किती असतं ते आधी कळायला नको?”

मीटर तिनं शाळेच्या प्रयोगशाळेतून आणलं होतं. सरांनी दोनदा सही घेतली होती. पण नेमून दिलेला प्रयोग राहिला बाजूला. आई तीन दिवसांपासून घरी होती आणि तीन दिवसांत तिनं धड एक घास खाल्ला नव्हता.

आई, झिना, ‘पोमोर्ये’ या अणुशक्तीवर चालणाऱ्या जहाजावर अणुभट्टीची इंजिनियर. सहा महिन्यांची सफर करून जहाज मुर्मान्स्कला परतलं, सगळ्यांच्या छातीवरचे, किरणं नोंदवणारे बिल्ले तपासले, आणि एकट्या झिनाच्या बिल्ल्यानं मर्यादेच्या दुप्पट किरणं दाखवली. भट्टी गळतेय की काय, कोणाला सांगता येईना. कंटेनर लादलेलं जहाज धक्क्यालाच अडकलं. असली आणखी चार मालवाहू जहाजं बांधायची की नाही, ते कागदही त्याच्याबरोबर अडकले. आईला केबिन रिकामी करायला सांगितली.

“डिझेल गळलं तर नाकाला कळतं,” आजोबा म्हणाले. उभी हयात त्यांनी मासेमारी बोटींवर काढली होती. “हिच्या भट्टीचं काय? वास ना धूर. मी पहिल्या दिवसापासून सांगतोय.”

“बाबा, पुरे.” आई भिंतीकडे बघत म्हणाली.

उल्या दारामागच्या बॅगेकडे वळली. अजून कोणी ती उघडलीही नव्हती. मीटर जवळ नेताच टिकटिकीची सर झाली, मग सलग किंचाळी.

आजोबांचा पेला बशीवर आपटला.

“मागे हो, उल्या.” आईनं मीटर हिसकावून घेतलं. तिचा आवाज शांत होता. तिनं एकेक वस्तू काढून दूर ठेवली. गाऊन. सपाता. पुस्तकं. मीटर बॅगेवरच ओरडत राहिलं. शेवटी लोकरी मोज्यात गुंडाळलेलं काहीतरी हाताला लागलं. तिनं मोजा सोडला.

आत आजोबांचं पितळी घड्याळ होतं. जुन्या बोटीवरचं, हिरव्या आकड्यांचं. समुद्रावर लेकीला नीट सांभाळील म्हणून त्यांनीच दिलेलं.

“रेडियम,” उल्या पुटपुटली. “किरणं सोडणारं. आकडे रंगवायचे त्यानं.”

“अंधारात दिसावेत म्हणून,” आजोबा म्हणाले. “त्यात काय?”

आई जमिनीवरच बसली. “बिल्ला कुठे अडकवायचे मी, सांगू? पाळी संपली की फाटकावर जमा करायचा, असा नियम. पण पहाटे धावपळीत विसरेन म्हणून केबिनमध्ये ठेवायचे. हे घड्याळ टांगलेलं, त्याच खिळ्याला. ह्याच्या पोटाशी.”

“म्हणजे भट्टी...”

“भट्टी ठीक आहे, उल्या. मूर्ख आहे ती मी.” आणि ती हसायला लागली, डोळे पुसत, पुन्हा हसत. “ठपका येईल. येऊ दे.”

आजोबा हसले नाहीत. “तीस वर्षं उशाशी होतं माझ्या,” ते म्हणाले.

“रंग आतच राहिला, आजोबा. काच शाबूत आहे. आणि तुम्हीही.”

तपासणीवाल्यांनी घड्याळ शिशाच्या डब्यातून नेलं, नवे बिल्ले त्याच्याशेजारी ठेवून पाहिले. गुरुवारी फोन आला: भट्टी ठीक, जहाज सुटणार, झिनानं कामावर परत यावं. आईनं तो ठेवला आणि उभ्या उभ्याच बटाट्याचं अर्धं पातेलं संपवलं.

शनिवारी आई निघताना, प्रवासाआधीच्या रीतीप्रमाणे, तिघं दाराशी सामानावर घटकाभर बसले. आजोबांनी मनगटावरचं साधं घड्याळ सोडलं, पण लेकीच्या हाती दिलं नाही. ते त्यांनी उल्यापुढे धरलं.

उल्यानं मीटर लावलं. टिक. बऱ्याच वेळानं, टिक.

आजोबा डोळे मिटून ऐकत होते. उल्यानं मान हलवल्यावरच त्यांनी ते झिनाच्या मनगटावर बांधलं.

“तुमच्या जहाजावर,” पट्टा घट्ट करत त्यांनी विचारलं, “म्हाताऱ्या माणसाला बघायला येऊ देतात का?”