बारकीची यशोगाथा

संस्थेच्या ताईंचा फोन आला तेव्हा बारकी आईच्या शिलाई मशीनपाशी बसून शर्टांना बटणं लावत होती.

"शनिवारी कंपनीचे मोठे साहेब येतायत. तू दोन शब्द बोल, मागच्यासारखेच."

"म्हणजे माझं आयुष्य बदललं, असं?"

ताई म्हणाल्या, "एवढं कर गं माझ्यासाठी."

कंपनी एसी बनवायची. तिच्याच पैशातून संस्थेनं एसी दुरुस्तीचा वर्ग काढला होता. वर्गात सगळी पोरं आणि ही एकटी पोरगी, तीही काडीपैलवान. म्हणून नाव पडलं बारकी. परीक्षेत मात्र तिनं सगळ्यांना मागे टाकलं. हेल्मेट घातलेला तिचा फोटो कंपनीच्या दारात फ्लेक्सवर झळकला. पोरांना कंपनीनं कामावर घेतलं. हिला म्हणाले, कळवतो. त्याला आता वर्ष होत आलं होतं.

शनिवारी ती गेली. माईक हातात घेतला आणि पाठ केलेलं सगळं बाजूला ठेवून बोलली.

"सरांनी मला जीव तोडून शिकवलं. गॅस भरता येतो, कॉम्प्रेसर बदलता येतो. ज्या कंपनीनं शिकवायला पैसे दिले, तिच्याकडे कितीदा गेले. तिथले म्हणतात, मुलगी शिडीवर कशी चढणार? शिडीवर चढायला मला तुमच्याच पैशातून शिकवलंय, साहेब."

साहेब मनापासून हसले. "वा! असा आत्मविश्वास पाहिजे." त्यांनी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्या हॉलनं वाजवल्या. बारकी माईक धरून तशीच उभी. तिनं तक्रार केली होती आणि या लोकांनी भाषण ऐकलं होतं.

बाहेर ताई म्हणाल्या, "तुझं खरं आहे. पण यांना दुखवलं तर पुढचा वर्गच बंद पडेल. त्यात मुली आहेत यंदा."

"मग त्यांचेही फोटो काढून ठेवा," बारकी म्हणाली. ताईंचा चेहरा उतरलेला पाहून तिला वाईट वाटलं, पण शब्द काही मागे घेतला नाही.

पुढच्या आठवड्यात कंपनीनं खरंच बोलावलं. काम कसलं, तर ग्राहकांचे फोन घ्यायचं. तिनं तिथल्या तिथं नाही म्हटलं. घरी बाबांचा पारा चढला.

"एसीत बसून पगार मिळत होता. आणखी काय हवंय तुला?"

"मला एसीत बसायचं नाही, बाबा. एसी उघडायचाय."

"दुसऱ्यांच्या पोरींची उदाहरणं देऊन थकलो मी," म्हणत बाबा पानावरून उठले.

शेवटी वर्गातल्या सरांनीच ओळखीच्या एका एसी मिस्त्रीकडे नेलं. मिस्त्रीनं तिला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि नाक मुरडलं. "सध्या नुसत्या जाळ्या धुवायच्या. यंत्राला हात लावायचा नाही."

रोज जाळ्या धुता धुता ती आतल्या आत धुमसत होती. एका सकाळी मिस्त्रीचा गडी आला नाही आणि गिऱ्हाइकाचे फोनवर फोन सुरू झाले. मिस्त्री वैतागून बारकीलाच घेऊन गिऱ्हाइकाच्या घरी गेला आणि त्यानं भिंतीला लावलेल्या शिडीकडे बोट दाखवलं.

"चढतेस का? पडलीस तर माझ्या नावानं खडे फोडू नकोस."

उत्तरं देऊन बारकी कंटाळली होती. पान्यांची पिशवी खांद्याला अडकवून ती चढायला लागली.