संगणकबाबांची हिरवी खूण

रक्त तपासणी केंद्राच्या कार्यालयात मुंगीला शिरायला जागा नव्हती. सगळे हात जोडून, डोळे मिटून उभे. मधोमध संगणकबाबा! टायपिस्टबाईंच्या संगणकावर हात ठेवून पुटपुटत होते, "लहरी खाली, व्हायरस बाहेर." डोळे उघडायचा हुकूम झाला. पाहतात तो काय, अँटिव्हायरसची 'अपडेट बाकी' सांगणारी लाल खूण हिरवी!

टायपिस्टबाईंना मात्र दाराबाहेर उभं केलं होतं. त्या नोकरीला लागल्या आणि हे दुखणं सुरू झालं. बाबा गेले की काही दिवसांत खूण पुन्हा लाल. मागे तर व्हायरसने रुग्णांचे रिपोर्टच गिळले. बाबांचं निदान ठरलेलं: बाई पांढऱ्या पायाची. हेडक्लार्कसाहेबांनीही मान डोलावली आणि आजपासून बाईंना घरी बसवायचं ठरलं. घरात कमावणारं दुसरं कुणी नव्हतं. त्यांनी चिडायला हवं होतं, पण त्यांना स्वतःचीच धास्ती वाटत होती. नवरा गेला तेव्हा सासूबाईही हेच म्हणाल्या होत्या.

केंद्राच्या डॉक्टरीणबाईंनी मात्र डोळे मिटलेच नव्हते.

"बाबा, झोळीतला मोबाइल बाहेर ठेवा आणि पुन्हा अपडेट करून दाखवा," त्या म्हणाल्या.

बाबांनी लहरींवर प्रवचन झोडलं. पण मोबाइल बाहेर गेला आणि अपडेट अडकलं ते अडकलंच. डॉक्टरीणबाईंनी उलगडा केला. केंद्रातला प्रत्येक संगणक प्रॉक्सी नावाच्या मधल्या संगणकामार्फतच इंटरनेटवर जातो. या संगणकाच्या ब्राउझरला प्रॉक्सीचा पत्ता दिलेला होता, अँटिव्हायरसला कुणी दिलाच नव्हता. लोकांनी डोळे मिटले की बाबा संगणक स्वतःच्या मोबाइलला जोडत, अपडेट उतरवत आणि हळूच जोडणी काढून घेत.

डॉक्टरीणबाईंनी अँटिव्हायरसच्या सेटिंगमध्ये प्रॉक्सीचा पत्ता भरला. मोबाइल बाहेरच होता, तरी अपडेट सुरळीत उतरलं.

"पण बाई आल्यावरच हे सुरू झालं ना?" हेडक्लार्क पुटपुटले.

"बाईंबरोबर नवा संगणकही आला. तो कुणी बसवला?"

हेडक्लार्कसाहेबांचा चेहरा पडला. तो त्यांनीच बसवला होता.

डॉक्टरीणबाई सगळ्यांना म्हणाल्या, "कुणी डोळे मिटायला सांगितलं, तर आधी कारण विचारा. एका माणसाची भाकरी जाणार होती."

बाबांनी कधीच काढता पाय घेतला होता. टायपिस्टबाई आत येऊन आपल्या खुर्चीत बसल्या.

"डॉक्टर," त्या हळूच म्हणाल्या, "दाराबाहेर मीही डोळे मिटूनच उभी होते."