करीमभाईंच्या नावाच्या काड्या

नांदेडच्या गाडीतून लातुरात उतरून सदफ थेट मुज्तबामामूच्या दुकानात शिरली. अत्तर, टोप्या, तसबीच्या जपमाळा आणि रमजानात पेंडखजूर, असं ते दुकान मशिदीच्या दाराला इतकं चिकटून होतं की निम्मे नमाजी चपला मामूच्याच पायरीवर काढायचे.

"मामू, देवणीहून पुडकं आलं का?"

"आलं की! सकाळच्या गाडीनं. विरूपाक्षनं पाठवलं. ओल्या फडक्यात गुंडाळलेलं, आणि ड्रायव्हरजवळ निरोप, करीमभाईंच्या घरी द्या." मामूचे डोळे पाणावले. "काय माणूस आहे बघ. दुल्हेभाई, तुझे अब्बा, आता नाहीत, तरी रमजानची याद ठेवली त्यानं. मी लगेच वाटून टाकल्या."

"काय वाटून टाकल्या?"

"मिस्वाका. दात घासायच्या. ताज्या, एकसारख्या, पेन्सिलीएवढ्या. दुपारी जोहरच्या नमाजेला आलेल्या प्रत्येकाच्या हातात एक दिली आणि सांगितलं, करीमभाईंच्या नावाची आहे, दुआ करा. सगळा सवाब, सगळं पुण्य त्यांना पोचणार." मामू थांबला. "काय झालं? चेहरा असा का केलास?"

सदफनं खांद्यावरची पिशवी हळूच काउंटरवर ठेवली.

"मामू, ती सफरचंदाची कलमं होती."

मामू मटकन खजुराच्या खोक्यावर बसला.

गोष्ट भूकंपापासूनची. किल्लारीकडं मदतीचे ट्रक लागले होते आणि सदफचे अब्बा, करीमभाई घड्याळजी, मशिदीतल्या मंडळींबरोबर तिकडं जेवण वाढायला जायचे. एका संध्याकाळी हिमाचलच्या ट्रकवाल्यानं परतताना त्यांच्या हातावर एक सफरचंद ठेवलं. करीमभाईंनी ते घरी आणलं, फोडी करून सगळ्यांना दिल्या आणि बिया ओल्या रुमालात बांधून शेजारच्या शेषेरावांच्या दुकानातल्या कोल्ड्रिंकच्या फ्रिजमध्ये ठेवल्या. थंडी खाल्ल्याशिवाय सफरचंदाचं बी उठत नाही, असं त्यांनी कुठंतरी वाचलं होतं. शेषेराव गिऱ्हाइकांना बजावायचे, "ती पुडी सोडून काय बी मागा." थंडी सरली आणि पाच बियांना मोड आले. तेलाच्या पाच डब्यांत पाच रोपं गच्चीवर डुलायला लागली.

लातुरात सफरचंद म्हटल्यावर लोक हसणारच. करीमभाईही हसायचे. "अरे, लातुरात वर्षाला एवढे डॉक्टर उगवायला लागलेत, सफरचंदानं काय घोडं मारलंय?"

पण बियांचं झाड काय फळ देईल, देईल की नाही, याचा भरवसा नसतो. खालचा खुंट आपल्या रोपाचा असला तरी वर काडी हवी फळणाऱ्या झाडाची, तीही आपल्या उन्हात फळणाऱ्या. तसं एक झाड देवणीजवळ विरूपाक्षच्या मळ्यात होतं. फळं लहान, आंबट, पण दरवर्षी. "जानेवारीत छाटतो, तवा काड्या देतो," असं विरूपाक्षनं कबूल केलं होतं. करीमभाई श्रावणात गेले. जानेवारी ठरल्याप्रमाणे आली.

आणि सोमवारी गच्चीवर पत्र्याच्या खोल्या चढणार होत्या. गल्लीत प्रत्येक घरात क्लासची पोरं राहत होती, सदफच्या अम्मीच्या, साबेराबींच्या घरात का राहू नयेत? डब्यांचं काय करायचं, हा प्रश्न त्यांनी मुलीसाठी सोपा करून ठेवला होता. "कलम होणार असेल तर मी अंगणातली फरशी उखडते, लाव तिथं. नुसत्या पानांसाठी उखडणार नाही. मग शेषेरावांची शेळी आहे."

तेव्हा आज कलम व्हायलाच हवं होतं. आणि काड्या लातूरभर लोकांच्या तोंडात होत्या.

"उठा मामू," सदफ म्हणाली. "कुणाकुणाला दिल्या?"

मामूनं दुकान अर्धं ओढलं आणि दोघं निघाली. वाटेत धम्मप्रिया भेटली. ती सदफच्या घरी माडीवर भाड्यानं राहायची, मूळची कंधारची, क्लासमध्ये वनस्पतिशास्त्र शिकवायची. आज कलम बांधायला हात लावणार होती, म्हणून तास लवकर उरकून आली होती. बोटांना अजून खडू होता.

"पाचर कलम मी फळ्यावर शंभरदा काढलंय," ती धावता धावता म्हणाली. "पण त्यात मिस्वाकचा मुद्दा नव्हता."

पहिले सापडले ते टोपीवाले दोघे भाऊ, दुकानाच्या पायरीवर ऊन खात, दोघांच्या गालात काडी.

"काढा, काढा तोंडातून!" मामू लांबूनच ओरडला.

"का? रोज्यात मिस्वाक चालते."

"ती मिस्वाक न्हाई! सफरचंदाचं झाड हाय!"

धाकट्यानं काडी काढून उन्हात धरली. "तरीच. मी म्हटलं, हिचा कुंचला का होईना?"

थोरला घाबरला. "मुज्तबा, माझा रोजा तुटला का रे?"

"सफरचंद खाल्लं का तू?"

"न्हाई."

"मग? लाकूड चावलंस."

भंगारवाल्याकडं दोन मिळाल्या. एक चावून चावून झाडूसारखी झालेली. एका म्हाताऱ्यानं काडी कानावर ठेवली होती आणि ती शोधायला तिघांना त्याचं अख्खं दुकान उपसायला लावलं. एकाची काडी उदगीरच्या गाडीत बसून गेली होती. एक जण परत द्यायला तयारच होईना. "करीमभाईंच्या नावाची आहे. मी दुआ करून बसलोय. आता परत दिली तर दुआ पण परत घेऊ काय?"

"दुआ तुमच्याकडं राहू द्या, चाचा," सदफ म्हणाली. "काडी तेवढी द्या."

शेवटी राहिले दस्तगीरसाहेब. वय सत्तरीच्या पुढं, समोर दोनच दात आणि त्या दोघांचा अभिमान. ते गोलाईच्या बाजारातल्या बाकावर डोळे मिटून काडी चावत बसले होते.

"साहेब," मामू हात जोडून म्हणाला, "ती जरा..."

"थांब," डोळे न उघडता दस्तगीरसाहेब म्हणाले. "करीमसाठी दुआ चाललीये. माझं घड्याळ वीस वर्षं त्यानं चालवलं, एवढ्यात संपणार न्हाई."

तिघं भर बाजारात, एका म्हाताऱ्याच्या तोंडातल्या काडीकडं बघत, दुआ संपायची वाट पाहत उभी राहिली.  श्रावणापासून सदफनं रडणं आणि हसणं दोन्ही लांबणीवर टाकलं होतं. येणाऱ्या-जाणाऱ्याला नीट उत्तरं दिली, नांदेडला परत जाऊन ग्रंथालयात पुस्तकं जागच्या जागी लावली. आता ती ओढणी तोंडात कोंबून हसत होती. धम्मप्रियानं तिच्याकडं पाहिलं आणि तीही सुटली. मामूनं दोघींना गप्प करायचा प्रयत्न केला आणि स्वतःच गदगदून हसायला लागला.

दस्तगीरसाहेबांनी डोळे उघडले. "आमीन," ते म्हणाले, आणि काडी दिली.

असरच्या, तिसऱ्या प्रहरच्या नमाजेआधी गच्चीवर जत्रा भरली. काड्या परत दिलेले सगळे आपापली काडी कुठं लागते हे बघायला आले होते. साबेराबींनी जिन्यातूनच दम दिला, "गच्ची पाडाल! एकेकानं वर या!" कुणी ऐकलं नाही.

धम्मप्रियानं काड्या निवडल्या. डोळे शाबूत असलेल्या पाचच निघाल्या. दुधाच्या पिशवीच्या पट्ट्या कापल्या, मेणबत्ती पेटवली. सदफनं अब्बांचं घड्याळं दुरुस्त करायचं पातं काढलं, ज्यानं ते केसाएवढ्या स्प्रिंगा सारायचे. आणि ते हातात घेऊन ती थांबली.

कलम करायचं म्हणजे आधी रोपाचं डोकं उडवायचं. अब्बांनी बोटानं माती सारून वर आणलेलं, रोज सकाळी ज्याची पानं मोजायचे ते डोकं.

"मॅडम," ती हळू म्हणाली, "न कापता होत नाही का?"

"न्हाई," धम्मप्रिया म्हणाली. "फळ्यावर सुद्धा न्हाई."

 तेवढ्यात खालून अम्मीचा आवाज आला, "काप की! त्यांनी कापायसाठीच वाढवली होती. माझी फरशी वाट बघून राहिली."

सदफनं कापलं. खुंटाला मधोमध चीर दिली, काडीला दोन्ही बाजूंनी पाचर काढली, सालीखालचं हिरवं हिरव्याला लावलं. धम्मप्रियानं पट्टी आवळली. तिसऱ्या रोपापर्यंत दोघींचे हात बसले आणि प्रेक्षक सूचना द्यायला लागले. शेवटी दस्तगीरसाहेबांची काडी उरली. तिच्या शेंड्याला दोन दातांचे दोन खड्डे होते.

"हे कापावं लागेल," धम्मप्रिया म्हणाली.

"कापलं तर वरचा डोळा जातो."

"मग राहू दे. वरून मेण लाव."

"माझे दात राहणार म्हणजे," दस्तगीरसाहेबांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं.

सोमवार आला. पत्र्याच्या खोल्या चढल्या, डबे जिन्यात आले. ईद झाली. दोन काड्या काळ्या पडल्या. दोन कुठलीच बाजू न घेता तशाच राहिल्या. मार्चच्या एका शनिवारी सदफ नांदेडहून आली तेव्हा घरातून ठाणठाण आवाज येत होता. साबेराबी पदर खोचून, लोखंडी पहारीसारखी सब्बल घेऊन अंगणातली फरशी उखडत होत्या. एकट्याच. शेजारी डबा होता. मेणाच्या टोपीखाली, दोन खड्ड्यांच्या अगदी लगत, काडीला उंदराच्या कानाएवढं पान फुटलं होतं.

"अम्मी, मला हाक मारायची की."

"तू येईपर्यंत थांबले असते तर अजून एक पान आलं असतं," साबेराबी म्हणाल्या. नाकावरून घाम की काय ते ओघळत होतं आणि त्या हसत होत्या. "धर ती बाजू. आणि मुज्तबाला निरोप दे, दस्तगीरसाहेबांना आत्ताच सांगू नको म्हणावं. ते इथंच राहायला येतील."

सदफनं सब्बलीचं दुसरं टोक धरलं. फरशी हलली, आणि खालची काळी माती, इतक्या वर्षांनी, उन्हात आली.