रडणारा दगड आणि फ्रिजमधला दुधी

"आला! थेंब आला!" शालिनीवहिनी ओरडल्या आणि नंदाताईंच्या व्हरांड्यातली सगळी गर्दी पुढे सरकली.

सौदीतल्या थुवालची गुरुवारची संध्याकाळ. समुद्रावरून गरम, ओली हवा येत होती. टीपॉयवर पांढरा रुमाल आणि त्यावर तळहाताएवढा करडा दगड. बघता बघता त्यावर बारीक थेंब उमटले, एकमेकांत मिसळले आणि रुमालावर ओघळले.

"पाहिलंत?" उमाकांतने आवाज खाली आणला. युरोपातली जुनी चर्चं, मठ, दफनभूमी दाखवायला सहली नेणं हा त्याचा व्यवसाय. "आठशे वर्षांपूर्वीचा मठ, त्याखाली तळघर, तळघरात एका संताची कबर. बर्फाच्या मुलखातला माणूस! म्हणून त्याचा दगड मी बर्फाच्या पेटीतूनच आणतो. बाहेर काढला की त्याला आपला देश आठवतो आणि तो रडतो. आपण नाही का रडत, विमानतळावर?"

दोघीतिघींनी ओढण्या डोळ्यांना लावल्या. परदेशात राहणाऱ्यांना यापेक्षा जवळचा संत कुठे मिळणार?

"फोटो नको हं. असल्या गोष्टीचा इथं बोभाटा झाला तर इकामा, म्हणजे राहायचा परवानाच, खलास. सहलीला नावं द्या, मूळ जागाच दाखवतो. आणि शंका असेल त्यांनी आपल्या डॉक्टर आसावरींना विचारा. हे पाणी त्यांनी विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत तपासलंय. शुद्ध! कणभर क्षार नाही!"

सगळ्या माना मागे वळल्या. आसावरी दाराशी उभी होती.

नंदाताईंनी महिन्यापूर्वी बाटलीतून दिलेलं पाणी तिनं खरंच तपासलं होतं. "शुद्ध आहे, काही मिसळलेलं नाही," एवढंच सांगितलं होतं. जेवढं विचारलं तेवढ्याचं नेमकं उत्तर. ते पाणी कुठून येतं हे तिला त्याच क्षणी कळलं होतं. पण शेजारात वाईटपणा कशाला घ्या, लोक घटकाभर खूश होतात, कुणाचं काय बिघडतं, असं म्हणून ती गप्प बसली होती.

नंदाताई तिच्या कानाशी आल्या. "अगं, काचबिंदूचं ते चुरचुरणारं औषध मी बंदच केलं. तू शुद्ध म्हणालीस त्या दिवसापासून हेच घालते डोळ्यात. किती गार वाटतं!"

"बंद केलं? नंदाताई, दिसतंय ना नीट?"

"डावीकडचा दिवा कुणी मालवल्यासारखं वाटतं जरा. येईल हळूहळू."

तो येणार नव्हता. काचबिंदू दुखत नाही, आणि त्यानं नेलेली नजर परत येत नाही. आसावरी प्रयोगशाळेत असताना तिच्या लेकीला, रुचाला, याच बाईनं भरवलं, झोपवलं, वाढवलं होतं.

ती तडक स्वयंपाकघरात गेली. फ्रिज उघडून तिनं भलामोठा दुधी काढला, पुसला आणि दगडाशेजारी आणून ठेवला.

"हे काय मॅडम? भाजीचं नंतर बघू की!" उमाकांत हसला.

"जरा थांबा."

फार थांबावं लागलं नाही. दुधीला देठापासून शेंड्यापर्यंत पाझर फुटला.

"अरे, हा कुठल्या मठातला?" शेजारचा विजयकुमार म्हणाला, आणि मागे कुणीतरी फिसकन हसलं.

"थट्टा नको," उमाकांत कडाडला. "विज्ञानाला भावना कळत नाहीत!"

"मग भावनेलाच विचारू. दोन्ही पुसून इथेच ठेवू. पेटीत परत नाही न्यायचा. आठवण खरी असेल तर तासाभरानंही रडेल."

चहा झाला. तासाभरानं दगड कोमट आणि कोरडा ठणठणीत होता. दुधीही.

"हवेत वाफ असते," आसावरी म्हणाली. "गार वस्तूला लागली की तिचं पाणी होतं. एसीतून बाहेर पडलं की आपण सगळे रोज चष्मा पुसतो. चष्म्याला कधी कुणी नमस्कार केलाय? आणि मी कामानिमित्त अशा तळघरांत गेले आहे. तिथले लोक या पाण्याला अश्रू नाही, ओल म्हणतात. उन्हाळ्यातली दमट हवा आत आली की गार भिंती भिजतात, कबरींवरची नावं झिजतात, म्हणून ते दारं जपून उघडतात. उमाकांतभाऊ, हा खरंच कबरीचा तुकडा असेल तर ती चोरी आहे. कुणाचं तरी माणूस झोपलंय तिथं."

"चोरी कसली?" उमाकांत गडबडला. "हॉटेलच्या बागेतला दगड आहे तो!"

म्हणून झाल्यावर त्याला कळलं, आपण काय बोललो ते. मग हशा उसळला. शालिनीवहिनींनी रुमालासकट दगड उचलून त्याच्या हातात दिला. "यल्ला, निघा आता."

नंदाताई मात्र हसल्या नाहीत.

"आसावरी, हे तुला तेव्हाच ठाऊक होतं?"

"हो."

"मग शुद्ध का म्हणालीस?"

"पाणी शुद्धच होतं, नंदाताई."

"मी पाण्याचं विचारायला आले नव्हते गं."

रविवारी आसावरी त्यांना जेद्दाला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. उरलंय ते औषधानं टिकेल, गेलं ते गेलं, डॉक्टर म्हणाले. परतताना गाडी आसावरी चालवत होती; तिथं स्टीअरिंग डावीकडे, म्हणजे ती नंदाताईंच्या डाव्या हाताला बसली होती. तिच्याशी बोलायचं तर त्यांना अख्खी मान वळवावी लागत होती. दरवेळी त्या वळवत होत्या, आणि दरवेळी आसावरी रस्त्याकडे बघत होती.

चमत्कार दिसला की आधी विचारा, हे येतं कुठून? आणि ज्यांना उत्तर ठाऊक आहे, त्यांनी विचारलं जाण्याची वाट पाहू नये. भोंदू खोटं बोलतो, पण त्याचं खोटं उभं राहतं ते जाणत्यांच्या गप्प बसण्यावर.