ठेका

आमच्या ह्यांचा रॉक बँड आहे. इतकी वर्षं त्याला कुत्रंही विचारत नव्हतं. नवं गाणं त्यांनी आमच्या स्वयंपाकघरात रेकॉर्ड केलं. मी आधीच बजावलं होतं, कपडे धुणं थांबणार नाही. शेवटच्या कडव्याला आमचं जुनं वॉशिंग मशीन कपडे पिळायला लागलं आणि घर हादरवत खडखडलं.

गाणं तुफान गाजलं. "काय जोश! तो शेवटचा ठेका ऐकून अंगात येतं," असं जो तो म्हणू लागला. ड्रम वाजवणाऱ्या भावजींनी तर त्या ठेक्यावर मुलाखती दिल्या. इकडे ह्यांना माझ्या प्रेमाचं भरतं आलं आणि त्यांनी मेकॅनिक बोलावून मशीन दुरुस्त करून घेतलं.

आता कार्यक्रम ठरलाय आणि लोकांना तोच ठेका हवाय. भावजींनी घाम गाळून ड्रम बडवला, पण जमेना. मशीन तर गुपचूप फिरतंय. शेवटी ह्यांनी सगळ्यांसमोर स्पीकरवर मेकॅनिकला फोन लावला.

"दादा, मशीन पुन्हा बिघडवून द्या ना! त्या आवाजाशिवाय गाणं होत नाही."

मेकॅनिक भडकला. "मी कामाची गॅरंटी दिलीय, साहेब. एवढा आवाज हवाय, तर एखादा ड्रमवाला ठेवा की!"