टिचबटन आणि दोन कड्या

मेलेल्या माणसाला तोंड नसतं, म्हणून काय कुणी बी उठावं आन् त्येच्या नावानं वाट्टेल ते बोलावं? माझ्या नवऱ्याच्या, खंडूच्या, दहाव्याला घाटावर आबाजी बोलला. पिंडाला कावळा शिवत नव्हता, सगळे ताटकळले व्हते, आन् हा बाबा उपरणं सावरत म्हणतो, "हेल्मेटचं बटन लावलं असतं, तर आज ही येळ आली नसती. पण पोरगा पडला आळशी!" तेवढ्यात कावळा शिवला. झालं! सगळ्यांनी माना डोलवल्या. लोकांना वाटलं, खंडूनंच वरनं कबूल केलं.

म्या वरडले, "लावलं व्हतं! म्या माझ्या हातानं लावलं व्हतं!" तर आबाजी म्हणतो, "बाईमाणूस दुःखात हाय, तिला काय सुधरतंय?" जळ्ळं मेलं त्येचं तोंड.

ते हेल्मेट आबाजीच्याच दुकानातलं. चिंचवडला स्टेशनच्या अंगाला त्येचं दुकान हाय, टायर, ट्यूब, हेल्मेट, सगळं मिळतं. त्या साली खंडूच्या कंपनीनं फर्मान काढलं की गाडीवाल्यानं हेल्मेटबिगर गेटातनं आत यायचं न्हाई. खंडूनं नुकतीच जुनी राजदूत घेतलेली, पुनावळ्यासनं फर्स्ट शिफ्टला जायला. आमी दोघं बी गेलो हेल्मेट आणायला. दोन तऱ्हेची व्हती. एकाच्या पट्ट्याला हनुवटीखाली दोन लोखंडी कड्या, दोन्हीतनं पट्टा ओवायचा आन् एकीवरनं माघारी घेऊन वढायचा. दुसऱ्याला टिचबटन, पोराच्या झबल्याला असतं तसलं, फक्त मोठं. खंडूच्या हातात कड्यांचं व्हतं. आबाजी म्हणाला, "अरे राव, ह्या कड्या ओवस्तवर तुझा भोंगा वाजून जाईल. बटन घे. टच केलं की निघाला." खंडूनं कड्यांचं खाली ठेवलं.

ते बटन रोज पहाटं म्याच लावायची. त्यो उंबऱ्यात हनुवटी वर करून उभा राहायचा, म्या अंगठ्यानं दाबायची, टच वाजलं की म्हणायचा, "सुटलो बाई!" त्या दिवशी बी वाजलं. पुढं रस्त्यात खडी पसरलेली, गाडी घसरली. हेल्मेट शेजारच्या ज्वारीत घावलं. पट्टा धड, बटन उघडं, आन् वर एक ओरखडा न्हाई. सगळे ओरखडे माझ्या माणसाच्या डोक्याला.

घाटावरच म्या मनात गाठ मारली. ज्या तोंडानं आबाजी बोलला, त्याच तोंडानं त्येला माघारी घ्यायला लावीन, न्हाईतर नावाची कस्तुरा न्हाई.

आबाजीच्या दुकानाच्या बरोब्बर समोर मीरासाहेबांचं खोपटं. पूर्वी ते टांग्याच्या घोड्यांचं सामान शिवायचे. टांगे गेले, तवा गाड्यांची सीटं आन् हेल्मेटांचे पट्टे शिवायला लागले. म्या जाऊन म्हणलं, चाचा, मला काम शिकवा. पोटाला पायजेच व्हतं, पण खरं सांगते, जागा बघूनच गेले. चाचांनी माझ्या डोळ्यांकडं बघितलं आन् म्हणाले, "पोरी, राग बाजूला ठेवून सुई धर. रागानं टाका वाकडा पडतो."

"माझा रागानंच सरळ पडतो, चाचा."

आन् पडायचा बी! गिऱ्हाईक आलं की म्या हातातलं टाकून सांगायची, बाबांनो, कड्यांचं घ्या, बटन दगा देतं. चाचा बी सांगायचे, घोड्याच्या पोटाखालचा पट्टा आमी कधी बटनावर ठेवला न्हाई. लोक हसायचे. "ताई, बटनाला काय झालंय? त्यो पुनावळ्याचा पोरगा लावतच नव्हता म्हणं." त्यो पुनावळ्याचा पोरगा! माझ्या तोंडावर! आन् समोर गल्ल्यावर बसून आबाजी खुशाल पान लावायचा.

खंडेनवमीला आबाजीनं दुकानासमोर मांडव घातला. हत्यारांची पूजा, गाड्यांना झेंडूचे हार, कंपन्यांतली पोरं पेढे खायला जमलेली. आबाजीनं नवीन बटनवाल्या हेल्मेटांची रास लावली व्हती आन् एकेकाला दाखवत व्हता. म्या रस्ता वलांडून सरळ मांडवात गेले.

"आबाजी, तुमी घाला की एक. म्या वढून बघते."

"अगं, आज सणाचं काय हे?"

"का? भ्या वाटतं व्हय?"

एवढ्या पोरांम्होरं माघार कशी घेईल? हेल्मेट घातलं. हनुवटी वर करून बटन दाबलं. टच.

"लागलं का?" म्या इचारलं. "नीट बघा. पुन्हा म्हणाल, लागलंच न्हाई."

"लागलं गं बाई, लागलं! ह्या सगळ्यांनी ऐकलं!"

म्या त्येच्या मागं गेले, हेल्मेटच्या काठाखाली चार बोटं घातली आन् असा हिसडा दिला म्होरं, की बटन उघडून हेल्मेट माझ्या हातात आन् आबाजी पेढ्यांच्या ताटावर! पोरं खो खो हसली. देवा शप्पथ सांगते, जीव असा गार झाला!

"बटन लावलं व्हतं का आबाजी?"

"लावलं व्हतं म्हणलं ना!"

"मग माझ्या खंडूनं बी लावलं व्हतं!"

हसणं बंद झालं. म्हणलं, आता बोलतो. पण कसला! तोंडाला लागलेला पेढा पुसत म्हणतो, "रस्त्यात काय तुझ्यासारखं कुणी मागनं वढत असतंय? त्येनं लावलंच नव्हतं. कावळा शिवला तवा तू बी बघितलंस." आन् लोकांनी पुन्हा कावळा आठवला. पोरं त्या दिवसापासनं कड्यांचं मागायला लागली, ही गोष्ट खरी. पण खंडूच्या कपाळीचा डाग काय गेला न्हाई.

आबाजीचा हट्ट बघा. दुसऱ्या दिवसापासनं त्यो स्वतः बटनवालं हेल्मेट घालून बुलेटवर चाकणला ये-जा करायला लागला. मुद्दाम आमच्या खोपटाच्या दारावरनं. मिशीवर ताव देत. म्या शिलाईच्या मशीनवरनं बघायची आन् मनात म्हणायची, जा बाबा, जा. खडी चाकणच्या रस्त्यात बी हाय. कुणाच्या मरणावर टपू न्हाई म्हणतात. म्या टपले व्हते. रोज, दिवस मावळस्तवर.

एक दिवस दुपारी आबाजी जेवून आडवा झाला असताना त्येची बायको शालनबाई पदराखाली हेल्मेट घेऊन आली. बाई भली, कधी वावगं बोलणार न्हाई.

"कस्तुरा, ह्याचं बटन उसव आन् कड्या लावून दे."

"देते की. घाटावर बोललेलं त्येंना माघारी घेऊ द्या, मग लावते."

"ते न्हाई बोलायचे. तुला ठाऊक हाय. मोडतील, पण वाकणार न्हाईत."

"मग मोडू द्या," म्या म्हणलं.

चाचांची सुई थांबली. शालनबाई भांडतील, शिव्या देतील असं वाटलं. पण त्या हेल्मेट उचलून उठल्या आन् पायरीवर जाऊन थांबल्या.

"उद्या सकाळी हे बटन पुन्हा मलाच लावायचंय. रोज मीच लावते. तू वढून दाखवलंस त्या दिवसापासनं अंगठा थरथरतो गं माझा."

म्या त्यांच्या अंगठ्याकडं बघितलं. खरंच थरथरत व्हता. मग म्या माझ्या अंगठ्याकडं बघितलं. माझ्या अंगठ्यानं त्या पहाटं जे केलं, तेच ही बाई रोज करत व्हती, आन् तिला ठाऊक व्हतं. मला निदान ठाऊक तरी नव्हतं.

"आणा हिकडं," म्या म्हणलं. "तुमच्यासाठी शिवते. त्येच्यासाठी न्हाई."

बटन उसवलं, आन् कड्या अशा पक्क्या शिवल्या की बैलांनी वढल्या तरी निघायच्या न्हाईत. मग हेल्मेट माझ्याच डोक्यात घालून शालनबाईंना शिकवलं. दोन्ही कड्यांतनं घ्या, आता एकीवरनं माघारी, आता वढा. त्या भीत भीत वढायच्या. "अजून वढा! गळ्याला लागू द्या!" म्या म्हणायची. गळा लाल झाला, पण हेल्मेट तसूभर हललं न्हाई.

त्यांचं घर दुकानाच्या मागंच. तिथं त्यांनी काय सांगितलं कोण जाणे. पण सकाळी दुकानाच्या पायरीवर आबाजी हेल्मेट घालून उभा, आन् शालनबाई म्होरं. कड्यांना येळ लागतो, आन् नवीन हाताला लईच लागतो. तेवढा येळ माणसाला हनुवटी वर करून, हालचाल न करता उभं राहावं लागतं. आन् त्या पायरीवरनं समोर दिसतं काय? माझं दार, माझी मशीन, आन् म्या. आबाजीनं डोळे मिटून बघितले, आभाळाकडं बघितलं. कुटवर बघणार? रोजचंच झालं ते. म्या बी रोज मुद्दाम तवाच मशीनवर बसायची आन् टक लावून बघायची.

परवा असाच उभा असताना एक फौंड्रीतला गडी हेल्मेट घ्यायला आला. म्हणाला, "आबाजी, एवढी खटपट कशाला करता? तुमच्याकडं बटनवालं हाय की. टच केलं की झालं."

शालनबाईंचे हात थांबले. पट्टा दोन्ही कड्यांतनं गेलेला, माघारी घ्यायचा राहिलेला. त्या काय वढंनात, काय सोडंनात. नवऱ्याच्या गळ्याखाली पट्टा धरून नुसत्या उभ्या राहिल्या. त्या कशाची वाट बघतायत ते मला कळलं, आन् आबाजीला बी कळलं. त्येनं माझ्याकडं बघितलं.

"कड्यांचं घे," त्यो गड्याला म्हणाला. मग थांबला. मग एवढ्या बारीक आवाजात बोलला की चाचांना बी कान टवकारावे लागले. "पुनावळ्याच्या खंडूनं बटन लावलं व्हतं. तरी उघडलं."

म्या मशीन थांबवली.

"मोठ्यानं बोला, आबाजी," म्या म्हणलं. "घाटावर बोलला व्हता तसं."