गॅरेजमधली जाळी

गेल्या जुलैत ग्रेटाच्या गालावर चेंडू बसला. नाव सॉफ्टबॉल, पण लागतो दगडासारखा. हाड तडकलं. ते जुळलं, सूजही उतरली, पण त्यानंतर चेंडू समोरून आला की माझी बारा वर्षांची मुलगी मागे सरायला लागली. पाय आपोआपच जायचा. ते तिच्याही लक्षात यायचं आणि मग ती जास्तच खट्टू व्हायची.

माझा नवरा लायल ट्रॅक्टर दुरुस्त करतो. मोडलेलं काही दिसलं की त्याचे हात शिवशिवतात. हिवाळा लागला तशी त्याने माझी गाडी बाहेर बर्फात काढली, गॅरेजच्या छतापासून जाळी सोडली आणि एक टी आणून उभा केला. टी म्हणजे कमरेएवढा रबरी दांडा. टोकावर चेंडू ठेवायचा आणि जाळीत मारायचा. टीवरचा चेंडू ग्रेटा सुरेख मारायची. नीट बसला की नाही, ते मला स्वयंपाकघरात आवाजावरून कळायचं.

लायल खूश झाला आणि चेंडू फेकणारं मशीन घेऊन आला. पहिल्याच चेंडूला ग्रेटा मागे सरली.

"पाय रोव ना, बाळा."

"रोवलाय."

"कुठे रोवलायस? गेलीस की मागे. अगं, मशीन आहे ते. त्याचा नेम चुकत नाही."

दुसऱ्या दिवशी त्याने तिच्या टाचेमागे लाकडी फळी ठोकली. पाय जागेवर राहिला, पण आता तोंड फिरायला लागलं. लायल कोपऱ्यात फळ्या शोधू लागला, तेव्हा ग्रेटाने बॅट त्याच्यापुढे धरली.

"बाबा, तू उभा राहा. चेंडू मी घालते."

तो हसतच उभा राहिला. चेंडू सुटला, लायलचे खांदे कानाला भिडले आणि फळीला अडखळून तो मागे कापडाच्या ढिगात बसला. मी दारात होते, मला हसू फुटलं. ग्रेटा हसली नाही.

"डोळे का मिटलेस?"

"मिटले? छे." मग तो थांबला. "मला कळलंच नाही गं."

"मलाही नाही कळत."

लायल तिथेच बसून राहिला. मग उठला, हातोडा घेतला आणि फळी उपटून काढली.

"मग काय करूया? तूच सांग."

"मला नुसतं बघू दे," ती म्हणाली. "बॅट नको."

त्या दिवसापासून तो गुडघ्यांवर बसून स्पंजचे चेंडू हळूच फेकायचा आणि ती फक्त बघायची. नंतर ते हाताने झेलायला लागली. मग बॅट आली, आणि बर्फ वितळता वितळता खरे चेंडू. मशीनवर मी ओले मोजे वाळत घालत होते. लायलने कधी हटकलं नाही.

मे महिन्यातल्या सामन्यात एक चेंडू थेट तिच्या मांडीवर आदळला. ती वाकली. लायल ताडकन उठला, तारेच्या कुंपणाला त्याने बोटं अडकवली.

"जाऊ का?"

"थांब जरा," मी म्हटलं.

पंचांनी तिला काहीतरी विचारलं. तिने मान हलवली, बॅट खाली ठेवली आणि लंगडत पहिल्या बेसवर गेली. चेंडू लागलेल्या खेळाडूला धावेच्या वाटेवरचा हा पहिला थांबा न मारताच मिळतो. पुढच्या खेळाडूच्या फटक्याला ती धावली आणि दुसऱ्या बेसवर बाद झाली.

घरी येताना ती मागच्या सीटवर मांडीला बर्फ लावून बसली होती.

"खूप दुखलं," ती म्हणाली.

"दिसलं मला," लायल म्हणाला.

थोड्या वेळाने ती म्हणाली, "पण चेंडू येताना दिसला होता. अगदी लागेपर्यंत दिसत होता."

मक्याची शेतं मागे पडत होती.

"उद्या सराव नको, बाबा."

"बरं," तो म्हणाला. इतक्या सहज म्हणाला, की मी वळून त्याच्याकडे पाहिलं.